डोळा सुधारला म्हणून फाईल बंद करू नका

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, साहेब. निपाणी भागात आम्ही दुखणंही मराठीतच सांगतो, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

गेल्या गळीत हंगामात धाकटा भाऊ ट्रॅक्टरवरून उतरला आणि म्हणाला, "दादा, समोरनं एकाच्या दोन ट्रॉल्या येत्यात." डावीकडं बघितलं की जास्त. एक डोळा रुमालानं झाकला की एकच. दवाखान्यात त्यानं हेच सांगितलं. केसपेपरवर कन्नडमध्ये उतरलं 'नजर अंधुक'. चष्मा बदलून मिळाला. पंधरा दिवस तो मान डावीकडं वळवूनच सगळ्यांशी बोलायचा.

दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांसमोर पेन फिरवलं. डावा डोळा बाहेरच्या बाजूला जाईना, मध्येच अडकला. सहावी नस अधू झालीय, म्हणाले. साखर वाढलेली होती, त्यामुळं होतं, तीन महिन्यांत सुटेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मधुमेहात बहुतेकदा तसंच होतं. दोन महिन्यांत डोळा सरळ झालासुद्धा. आम्ही जोतिबाला जाऊन पेढे वाटले.

पावसाळ्यात पुन्हा दोन-दोन दिसू लागलं. तेव्हा कुठं रंगद्रव्य टोचून एमआरआय झाला. कवटीच्या तळाशी गाठ निघाली.

डोळा बाहेर वळवणारी ही सहावी नस कवटीच्या तळाच्या उतरत्या हाडाला धरून वर चढते. तिथं गाठ वाढली की नस चेपते. पण गाठ जागेवर असतानाही नस काही काळ सावरू शकते. व्होल्पे आणि लेसेल या डॉक्टरांनी असे रुग्ण 1993 सालीच नोंदवले आहेत. म्हणजे आमचे पेढे गाठीनंही खाल्ले म्हणायचे.

आपल्या आशाकिरण योजनेत आशाताई घरोघरी नजर तपासतात. त्यांच्या कागदावर एक प्रश्न वाढवा, आमच्याकडं मराठीतही छापा: "एकाचे दोन दिसतात का? एक डोळा झाकला की दुसरं जातं का?" हो म्हणणाऱ्याला चष्म्याच्या रांगेत न लावता डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवा. तीन महिन्यांत सुटलं नाही, सुटून परत आलं, पापणी पडली किंवा चेहरा बधिर झाला, तर एमआरआयचा खर्च सरकारनं उचलावा. आणि डोळा सुधारला तरी पुढची तारीख केसपेपरवर लिहूनच माणसाला घरी सोडावं.

भावाचं ऑपरेशन झालंय. ट्रॅक्टर सध्या मीच चालवतो.

आपला,
निपाणी तालुक्यातला एक ऊस उत्पादक