सिबिल सुधारायचं असेल तर सेटलमेंट करू नकोस

चि. प्रवीण यास,
अनेक आशीर्वाद.

बँकेने म्हशींच्या कर्जाचं प्रकरण परत पाठवलं ते तुझ्या सिबिलच्या 562 या आकड्यामुळे. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्याचे गुण. सिबिल 300 ते 900 मध्ये असतं अन् 750 च्या वर असलं की बँकवाले सहसा आडकाठी घेत नाहीत. पण आकड्याकडे पाहत बसू नकोस, आधी पूर्ण रिपोर्ट काढ. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावाच लागतो. पॅन नंबर अन् चालू मोबाईल नंबर लागतो. सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊ नकोस.

त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यागणिक मागच्या 36 महिन्यांची नोंद असते. हप्ता किती दिवस उशिरा गेला, तो आकडा तिथे दिसतो. 90 दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, अन् बँकेची नजर नेमकी तिथेच जाते. तू न घेतलेलं कर्ज, फेडूनही चालू दिसणारं खातं, कुणाला जामीन राहिलास ते कर्ज, सगळं तपास. जामीनदाराच्या रिपोर्टवरही ते चढतं, हे गावात फार जणांना माहीत नसतं. चूक सापडली तर त्याच साइटवर तक्रार टाक, पैसे लागत नाहीत. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, चौकशीचा नंबर 14448.

आता गाडीच्या थकबाकीचं. वसुलीवाला म्हणेल, अर्ध्यात मिटवून टाकू. ऐकू नकोस. अर्ध्यात मिटवलं की खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचे पैसे बुडाले. पुढचा मॅनेजर तो शेरा पाहूनच फाईल बाजूला ठेवतो. ‘रिटन ऑफ’, म्हणजे कंपनीने हिशेबात बुडीत धरलेलं कर्ज, हीही माफी नव्हे, देणं उभंच राहतं. मुद्दल अन् व्याज पूर्ण भर, घासाघीस करायची ती फक्त दंडात. भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घे: एकूण येणं किती, अन् सूट दिली तरी खातं ‘क्लोज्ड’ दाखवणार. पैसे कंपनीच्या कर्जखात्यातच टाक, वसुलीला येणाऱ्या पोराच्या फोनपेवर एक रुपयाही नाही. मग बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा कागद) घे अन् गाडीच्या आरसीवरचा बोजा आरटीओतून उतरव.

कर्जमाफीची वाट पाहून हप्ते थांबवू नकोस. 2017 ची असो की 2019 ची, माफी शेतीच्या कर्जाला होती, गाडी-मोबाईलला नाही. आपलं पीककर्ज मात्र 31 मार्चच्या आत भरायचंच. तीन लाखांपर्यंत वेळेवर भरलं तर व्याज शून्य पडतं. चुकाऱ्याचे पैसे आले की आधी सोसायटीत जमा.

थकबाकी मिटली तरी आकडा लगेच चढत नाही, सहा महिने-वर्ष तरी धर. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नकोस, खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. तोवर मुदत ठेवीवर मिळणारं लहान क्रेडिट कार्ड घे. मर्यादा 10,000 असेल तर 3,000 च्या आतच वापर, अन् बिल पूर्ण भर. ‘मिनिमम’ भरून भागवलंस तर व्याजच अंगावर बसतं. म्हशींसाठी चार बँकांत एकदम अर्ज टाकू नकोस. प्रत्येक चौकशीची नोंद राहते अन् माणूस पैशासाठी अडलेला दिसतो.

तुझा पगार 7 तारखेला अन् हप्ता 5 ला. गडबड इथेच होते. हप्त्याची तारीख 10 करून मागणारा अर्ज मोबाईलसाठी कर्ज दिलेल्या कंपनीला आजच दे, अन् पोच घे. तोपर्यंत 4 तारखेलाच खात्यात हप्त्याएवढे पैसे ठेव, कमी पडले तर मला फोन कर.

तुझे बाबा