त्या फोटोतला ग्लास

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातातल्या ग्लासचा फोटो काकांच्या व्हॉट्सॲपवरून कोल्हापूरला पोचला म्हणे. परवा आई फोनवर हं-हं करत होती, तेव्हाच कळलं. तर हो, नाशिकला ती वाइनच होती. पाच प्रकारची, प्रत्येकी घोटभर. दोन घोट तर मी तिथल्या भांड्यात टाकून दिले. तशी रीतच आहे, कुणी नावं ठेवत नाही. आई, एवढ्यानं तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून पुढचं बाबांसाठी लिहिते. तू नुसतं ऐक.

पहिल्या दिवशी गंगापूर धरणाजवळच्या सुला वायनरीत गेलो. रविवार होता, गर्दी रंकाळ्यावर असते तशी. माहिती देणारा मुलगा पाठ केलेलं म्हणत होता. खरी मजा दुसऱ्या दिवशी एका लहान बागेत आली. पहाटेच तोडणी सुरू होती, कारण उन्हात तापलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. द्राक्षं आपण तासगावची खातो तशी नव्हेत. बारीक, जाड सालीची, आत बिया. लाल वाइनच्या काळ्या द्राक्षाचासुद्धा रस जवळजवळ पांढराच निघतो, रंग सगळा सालीचा. म्हणून लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात आणि पांढरीसाठी आधीच पिळून साली बाजूला काढतात.

आणि बाबा, तिथल्या माणसानं एक मणी चिरडून थेंब गोडी मोजायच्या ब्रिक्स मीटरवर टाकला, उजेडाकडे धरून म्हणाला, "तेवीस." मला हसूच आलं. उसाचं कांडं चावून "अजून पंधरा दिवस" म्हणणारे तुम्ही आठवलात. हाही नुसत्या आकड्यावर जात नाही. बी चावून बघतो, तपकिरी आणि कुरकुरीत झाली की तोडा म्हणतो.

मी दराचं विचारलं. त्यांच्या करारात वजनासोबत गोडीही धरतात. माल कमी ठेवून गोडी वाढवायला जादा घडसुद्धा काढून टाकतात. तुमचं वर्षानुवर्षांचं गाऱ्हाणं हेच ना, की माझ्या गोड उसाला आणि शेजारच्या पाणचट उसाला एकच दर? एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, अख्ख्या कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते, आपल्या मळ्याची गोडी त्यात कुठे दिसणार. मला हे लहानपणापासून पाठ आहे, पण त्या बागेत उभी राहिल्यावर पहिल्यांदा नीट उमगलं.

वायनरी म्हणजे उलटं गुऱ्हाळ. आपण काहिलीत रस आटवून गोडी राखतो, तिथे गोडी यीस्टला खाऊ घालतात, तिची दारू होते. जाळ तर सोडाच, रस स्वतःच तापतो म्हणून स्टीलच्या टाक्या गार ठेवाव्या लागतात. काकवी चाटायला मिळत नाही, एवढंच दुःख.

(घरी येऊन तांबड्या रश्श्याबरोबर लाल वाइन घेऊन पाहिली. तिखटाची आग दुप्पट झाली. परत नाही.)

आपल्या पंचगंगेकाठी हे लावू का, असं तुमच्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते, नको. पुराचं पाणी ऊस चार दिवस सोसतो, वेलीला ते मानवायचं नाही. शिवाय आपल्या पावसात द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी फवारणी करता करता कंबर मोडेल.

बघायला मात्र चला. नाशिक लांब पडेल, पण अकलूजकडे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, आणि ती काढणाऱ्यांतले मोहिते-पाटील भाऊ तिथलेच. आजूबाजूला सगळा ऊसपट्टा, तुम्हाला परकं वाटायचं नाही. फेब्रुवारीत तोडणी बघायला मिळेल. आधी पंढरपूर, आईला विठोबाचं दर्शन निवांत घेऊ दे, मग पुढे. गाडी मी चालवणार, म्हणजे त्या दिवशी मला एक थेंबही चालायचा नाही. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

तुमची,
लेक