व्हिसा मुंबईत, परवाना राहत्या गावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून ‘जर्मनीत १० हजार नोकऱ्या’ हा मथळा मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा झाला आहे. पगार किती, जर्मन भाषेची पातळी कोणती, थंडी किती, हे सगळे छापून येते. अर्ज कोणत्या कार्यालयात जातो आणि होकार नेमका कोण देतो, एवढेच राहून जाते. ‘एम्बसीत आपला माणूस आहे’ म्हणणाऱ्या एजंटांचे फावते ते इथेच. तसा माणूस खरोखर असला, तरी निम्मे निर्णय त्याच्या टेबलावर होतच नाहीत.

मुळात जर्मनीत ‘वर्क परमिट’ नावाचा वेगळा कागदच नाही. १ जानेवारी २००५ पासून काम करण्याची परवानगी राहण्याच्या परवान्यातच नोंदवली जाते. तेव्हा ‘वर्क परमिट’ आणि ‘रेसिडेन्स परमिट’ असे दोन दर सांगणारा माणूस एकाच कागदाचे दोनदा पैसे मागतो आहे, हे ओळखावे. दुसरे म्हणजे कायदा बर्लिनचा असला तरी शिक्का शहराच्या किंवा जिल्ह्याच्या कचेरीचा असतो. परदेशी नागरिकांची प्रकरणे पाहणारी अशी पाचशेहून अधिक कार्यालये देशभर आहेत. जर्मन नाव आउसलेंडरबेहोर्डे. तिथले आपले लोक सरळ ‘फॉरेनर्स ऑफिस’ म्हणतात.

सुरुवात मात्र इकडूनच होते. व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या खिडकीवरचा कर्मचारी कागद तपासून घेतो, बोटांचे ठसे घेतो आणि पासपोर्ट पुढे पाठवतो. निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही. दीर्घ मुदतीचा, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा देणे वाणिज्य दूतावासाकडे. त्याचे शुल्क ७५ युरो. २०२५ च्या जानेवारीपासून हा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. फाइल वाचणारा अधिकारी मुंबईतच बसलेला असेल असेही नाही. परराष्ट्र खात्याने ब्रँडेनबुर्ग आन डेअर हाफेल या शहरात २०२१ मध्ये स्वतंत्र कार्यालय सुरू केले असून व्हिसाच्या बऱ्याच फायली तिथे तपासल्या जातात. आणि हो, एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचा दाखला, विद्यार्थ्यांसाठी असते. नोकरीच्या व्हिसाला ते लागत नाही, तरी काही जण ते काढून बसतात.

व्हिसा अडकतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे केंद्रीय रोजगार संस्था, बुंडेसआगेंटुअर फ्युअर आरबाइट. पगार आणि कामाच्या अटी तिथल्या जर्मन कामगारापेक्षा कमी प्रतीच्या नाहीत ना, हे ती पाहते. उमेदवाराने तिच्याकडे वेगळा अर्ज करायचा नसतो. दूतावास किंवा फॉरेनर्स ऑफिस परस्पर विचारणा करते. तिच्यासमोर जातो तो मालकाने भरलेला फॉर्म, ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस’. नाव लांबलचक आहे, पण अर्धी प्रकरणे यावरच ठरतात असे म्हटले तरी चालेल. आठवड्याचे तास लिहिलेले नसतात, करारपत्रातला पगार एक आणि फॉर्मवरचा दुसरा असतो, कामाच्या वर्णनात नुसते ‘इंजिनिअर’ एवढाच शब्द असतो. संस्थेने दोन आठवड्यांत हरकत घेतली नाही तर संमती मिळाली असे कायदा मानतो. पण माहिती अपुरी आहे असे तिने कळवले की या मुदतीचा फायदा संपला. म्हणून सही होण्यापूर्वी त्या फॉर्मची प्रत मालकाकडून मागून घ्यावी आणि करारपत्राशी ओळ न् ओळ ताडून पाहावी.

ब्लू कार्ड म्हणजे चांगल्या पगाराच्या पदवीधरांसाठीचा निवास परवाना. त्याच्या बाबतीत पगाराचा आकडाच फाइलची वाट ठरवतो. ठरावीक मर्यादेइतका किंवा त्याहून अधिक पगार असेल तर रोजगार संस्थेची संमती लागत नाही; २०२५ साली ही मर्यादा वार्षिक ४८ हजार ३०० युरो होती. टंचाईच्या व्यवसायांसाठी मर्यादा खाली येते (२०२५ साली ४३ हजार ७५९ युरो ८० सेंट होती), पण मग संमती लागते. हे आकडे दर जानेवारीला बदलतात, त्यामुळे डिसेंबरात सही केलेला करार नव्या वर्षात काठावर येऊ शकतो.

दुसरी अडचण समकक्षतेची, म्हणजे आपले शिक्षण जर्मन शिक्षणाच्या तोडीचे ठरते का याची, आणि खरा वेळ जातो तो इथेच. पदवीधराने आधी ‘अनाबिन’ या परदेशी विद्यापीठांच्या आणि पदव्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहावे. शोधायचे ते पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव, कॉलेजचे नव्हे. संस्थेपुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असे दिसले की लोक छापील प्रत काढून मोकळे होतात. पदवीचे पान वेगळे असते आणि तेही जोडावे लागते. पदवी तिथे सापडली नाही तर बॉनमधल्या झेडएबी या संस्थेकडून तुलनापत्र काढावे लागते. त्याचे शुल्क २०८ युरो.

आयटीआय झालेल्यांचे गणित निराळे. त्यांचे प्रमाणपत्र झेडएबीकडे पाठवून उपयोग नाही. उद्योग आणि व्यापारातल्या बहुतेक व्यवसायांची समकक्षता न्युर्नबर्गची आयएचके फोसा तपासते, तर कारागिरीच्या व्यवसायांसाठी त्या त्या भागातला हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागीर मंडळ. गोंधळ असा की, एकच इलेक्ट्रिशियन कारखान्यातल्या देखभालीच्या पदाशी तुलना मागत असेल तर एका दारी जातो आणि घरांच्या वायरिंगच्या व्यवसायाशी मागत असेल तर दुसऱ्या. कोणत्या जर्मन व्यवसायाशी तुलना मागायची, हे आधी मालकाकडून लेखी ठरवून घ्यावे. नुसता अभ्यासक्रम जोडणेही पुरत नाही. प्रत्यक्ष कोणती कामे केली याचा तपशील अनुभवपत्रात नसेल तर समकक्षता अर्धवट मिळते.

परिचारिकांची तपासणी राज्य सरकारचे खाते करते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ते काम श्टुटगार्टच्या विभागीय प्रशासनाकडे आहे. हाती बहुधा कमतरतेचे पत्र पडते. पत्राचे नाव वाचून घाबरून जाऊ नये, तो नकार नव्हे. काय कमी पडते हे त्यात लिहिलेले असते आणि ते जर्मनीत जाऊन पूर्ण करण्यासाठी निवास कायद्याच्या कलम १६ डी खाली व्हिसा मिळतो.

घाईचाही एक कायदेशीर मार्ग आहे, कलम ८१ ए. यात पुढाकार मालक घेतो, उमेदवाराच्या मुखत्यारपत्रावर. मालकाने फॉरेनर्स ऑफिसशी करार करायचा, ४११ युरो भरायचे. मग समकक्षता आणि रोजगार संस्थेची संमती हे दोन्ही ते कार्यालयच मिळवते आणि पूर्वसंमतीचे पत्र देते. त्या पत्रावर दूतावासाने तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि पूर्ण अर्ज हाती आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत निर्णय. बवेरियात यासाठी न्युर्नबर्गला, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात बॉनला मध्यवर्ती कार्यालय आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०२५ मध्ये श्टुटगार्टला तशी यंत्रणा उभी केली. हे ४११ युरो जर्मन कचेरीत मालकाच्या अर्जासोबत भरायचे असतात. इथे कुणी ‘फास्ट ट्रॅक’च्या नावाने रोख मागितली तर करार कोणत्या कार्यालयाशी झाला, हे विचारावे.

जर्मनीत पोचल्यावर पहिले दार फॉरेनर्स ऑफिसचे नव्हे, नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयाचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचे राहत असल्याचे पत्र लागते, भाडेकरार चालत नाही. ही नोंदणी म्हणजे वास्तव्याचा परवाना, असा समज सर्रास आढळतो. तसे नाही. परवान्यासाठी फॉरेनर्स ऑफिसकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि कार्यालय ठरते राहत्या पत्त्यावरून. नोकरी श्टुटगार्टमध्ये आणि घर एस्लिंगेनमध्ये असेल तर फाइल एस्लिंगेनला. बर्लिनमध्ये २०२० पासून या कार्यालयाला स्वतंत्र खात्याचा दर्जा आहे, म्युनिकमध्ये ते महापालिकेच्या एका विभागात बसते, ग्रामीण भागात जिल्हा कचेरीत. मधेच गाव बदलले तर नवे कार्यालय जुन्याकडून फाइल मागवते आणि त्यात आठवडे जातात. व्हिसा संपत आला असताना घर बदलणे म्हणूनच महागात पडते.

न्युर्नबर्गला बाम्फ नावाचे केंद्रीय स्थलांतर कार्यालय आहे. नाव ऐकून अनेक जण तिकडे ईमेल धाडतात. त्याचे मुख्य काम आश्रयाचे अर्ज आणि भाषेचे वर्ग. नोकरदाराचा परवाना ते देत नाही.

अर्ज व्हिसाची मुदत संपण्याआधी पोचला पाहिजे, मग भेटीची तारीख कितीही उशिराची मिळो. तसे झाले तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि १३ युरोंत एक तात्पुरता कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. त्यावर चौकटी असतात. कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाच्या चौकटीत खूण असेल तर काम सुरू ठेवता येते आणि देशाबाहेर जाऊन परतही येता येते. खूण तिसऱ्या पोटकलमाची असेल तर बाहेर पडलेल्याला त्या कागदावर परत येता येत नाही. विमानाचे तिकीट काढण्याआधी ती खूण पाहावी. पुढे प्लास्टिकचे कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात बनते आणि काही आठवड्यांनी हाती येते. १ मे २०२५ पासून त्यासाठी डिजिटल फोटो लागतो.

कार्डासोबतचा जादा कागद जपून ठेवावा. काम कोणत्या मालकाकडे आणि कोणत्या पदावर, हे बहुतेकदा त्यावर असते. नोकरी गेली तर दोन आठवड्यांत कामगाराने स्वतः फॉरेनर्स ऑफिसला कळवायचे. मालकाला त्यासाठी चार आठवडे असतात. ‘कंपनी कळवेल’ म्हणून गप्प बसणे ही नेहमीची चूक. कायम वास्तव्याचा अर्जही याच कार्यालयात: ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी, जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांनीच.

दाद मागण्याची ठिकाणेही वेगळी. व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर एका महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचे. परवान्याचा वाद असेल तर न्यायालय स्थानिक. पूर्ण अर्ज तीन महिने नुसताच पडून राहिला तरी तिथे दावा करता येतो.

आपल्याला विनंती एवढीच की, जर्मनीतल्या भरतीची बातमी किंवा जाहिरात छापताना सोबत एक छोटी चौकट द्यावी: समकक्षता कोणत्या कार्यालयाकडून, कलम ८१ ए चा करार झाला आहे का आणि कुणाशी, परवाना कोणत्या गावच्या फॉरेनर्स ऑफिसचा. भरती करणाऱ्याकडे ही तीन नावे तयार नसतील, तर तेही चौकटीत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक