रविवारची बैठक : विकासासाठी तंत्रज्ञान, पदव्युत्तर अभ्यासक्रम

मित्रमैत्रिणींनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता धरमपेठेतल्या आपल्या अभ्यासिकेत जमायचं आहे. परदेशी अर्ज करणाऱ्यांनी यायलाच हवं.

नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून ठरवू नका. मँचेस्टरचा ‘डिजिटल डेव्हलपमेंट’ धोरणाकडे झुकतो, बर्कलीचा ‘डेव्हलपमेंट इंजिनिअरिंग’ प्रत्यक्ष उपाय घडवण्याकडे. आणि आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ (CTARA) हे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र कृपया यादीत ठेवाच. पाणी, ऊर्जा, शेतीचे प्रश्न तिथे गावात जाऊन अभ्यासतात. माझ्या मते आपल्या विदर्भातल्या मुलांना ते जास्त जवळचं आहे.

येताना:
• निवडलेल्या अभ्यासक्रमाची विषययादी छापून आणा.
• ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो आधी मोजा.
• येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.