कोळसा राखणाऱ्याची गाणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘गळीत हंगामात बॉयलरवर रात्रपाळीला दोन-तीन ओळी सुचतात, पण सकाळी पाळी सुटेपर्यंत उरत नाहीत, म्हणून आता लिहिणंच सोडलंय,’ हे तू लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. फार वाईट वाटलं. म्हणून आज दुसरं काही लिहीत नाही, तुला एका कवीबद्दल सांगतो.

त्याचं नाव दान अँडरसन. स्वीडनच्या दालार्ना भागात, लुडविकाजवळच्या जंगलातल्या स्काटलोसबेर्ग नावाच्या वस्तीवर ६ एप्रिल १८८८ रोजी जन्मला. त्या वस्तीतली माणसं म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी फिनलंडहून येऊन जंगल जाळून राखेत राय नावाचं धान्य पेरणाऱ्यांचे वंशज. वडील शाळामास्तर, तरी घरात ओढाताण कायमची. इतकी की १९०२ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, पोराला अमेरिकेत मिनेसोटाला नातेवाइकांकडे धाडलं, तिकडे सगळ्यांचं जमेल का ते बघायला. पोराने कळवलं, इथेही काही वेगळं नाही. आणि तो परत आला.

मग लाकूडतोड, आणि कोळसा पाडण्याचं काम. त्या मुलखात लोखंडाचे कारखाने, त्यांना लाकडी कोळसा लागायचा. आपल्याकडे कातकरी भट्ट्या लावतात ना, तसंच, पण थंडी तिथली. ओंडके उभे रचून ढीग करायचा, त्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या अंथरायच्या, वरून माती आणि कोळशाची भुकटी थापायची आणि आतून विस्तव द्यायचा. मग दोन-तीन आठवडे ती भट्टी आतल्या आत धुमसत राहते. तेवढे दिवस आणि तेवढ्या रात्री राखणदाराला गाढ झोप नाही. शेजारी एक ठेंगणी खोपटी, तिच्यात तास-दोन तास पडायचं की उठायचं. वरचा थर कुठे खचला, भेग पडली, की लगेच बुजवायचं, कारण हवा आत शिरली तर कोळसा न होता सगळ्याची राख. ढिगावर चढून बुजवताना पाय आत गेला तर माणूसच भाजून निघायचा. धूर पांढरा दाट आहे तोवर लाकूड ओलं. पातळ निळसर झाला की समजायचं, आता आलं.

हे त्याने स्वतःच्या हाताने केलेलं. १९१४ साली त्याच्या कोळसेवाल्यांच्या गोष्टी छापून आल्या आणि १९१५ साली कवितासंग्रह, ‘कोळसा राखणाऱ्याची गाणी’. बघ, शीर्षकातच पाळी आहे! त्याच सुमारास ब्रुन्सविकच्या लोकशाळेत, म्हणजे कष्टकरी तरुणांसाठीच्या निवासी शाळेत, तो थोडा शिकला. पुढे योतेबोरी शहरातल्या एका कामगार दैनिकात नोकरी, शाळाशिक्षिका ओल्गाशी लग्न, दोन कादंबऱ्या. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कवितांचे त्याने स्वीडिशमध्ये अनुवादही केले.

मला मात्र त्याचा १९१७ चा कवितासंग्रह ‘काळे पोवाडे’ सर्वांत आवडतो. त्यात लुओसाच्या भिकाऱ्याची कविता आहे. शेकोटीभोवती माणसं कोंडाळं करून बसलीत आणि तो भिकारी गातोय, डोंगरापलीकडे, ताऱ्यांपलीकडे काहीतरी आहे त्याची ओढ लागलीये म्हणून. कवितेत देव आहे, पण देवळातला नाही; उपाशी माणूस रात्री ज्याच्याशी बोलतो तो. ही कविता आतून धुमसते, भडकत कुठेच नाही. ज्याने पंधरा-पंधरा रात्री आग दाबून ठेवली त्यालाच हे साधतं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्याबद्दल कुणी सांगायला लागलं की आधी मरणाचीच गोष्ट सांगतं. मला ते खटकतं, पण तुझ्यापासून लपवत नाही. सप्टेंबर १९२० मध्ये वर्तमानपत्रात काम मिळतं का बघायला तो स्टॉकहोमला गेला, हॉटेल हेलमनमध्ये अकरा नंबरच्या खोलीत उतरला. ढेकूण मारायला तिथे सायनाइडचा विषारी वायू सोडला होता आणि नंतर खोली नीट हवेशीर केलीच नव्हती. १६ तारखेला तो मेलेला सापडला. वय ३२. त्याच वायूने हॉटेलातला आणखी एक पाहुणाही गेला. भेग बुजवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी एक खिडकी उघडून ठेवली नाही, हे मनातून जात नाही रे.

नाव झालं ते पुढे. ओल्गाचा भाऊ गुन्नार तुरेसोन त्याची गाणी गात राहिला. १९७२ साली तर त्या लुओसाच्या भिकाऱ्याचं गाणं स्वीडनच्या रेडिओवर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत लागलं आणि ५२ आठवडे हललं नाही. कवी जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर!

तुझ्या त्या जुन्या कवितेतली चिपाडाची धग मला अजून आठवते. ती बॉयलरपाशी उभं राहिल्याशिवाय कुणाला सुचली नसती. सोबत एक छोटी वही आणि पेन्सिल पाठवतोय. वही शर्टाच्या खिशात मावते, मी घालून बघितली. पेन्सिल एवढ्यासाठी की घामाने शाई फुटते. दोन ओळी सुचल्या की गेज बघून झाल्यावर तिथल्या तिथे लिही, काजळीची बोटं उठली तरी उठू देत. हंगाम संपला की वही घेऊन इकडे ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती