दोन दिवसांची मुंबई

ता. आर्वी, जि. वर्धा

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पाहिली. दोन दिवसांत अकरा जागा! बाप्पा, एवढ्यात तर नुसत्या टॅक्सीच्या काचा पाहून होतील. मी यादीवर काट मारली, रागावू नको. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि तू उतरणार तिच्या दक्षिण टोकाला. बोरिवलीचं जंगल नि जुहू पुढच्या खेपेला.

आधी वार पक्के कर. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. शनिवार-रविवार गेटवेवर बोटीला तोबा गर्दी. म्हणून बुधवारी संध्याकाळी वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेस धरजो, गुरुवार-शुक्रवार पूर्ण हाती येतात.

सकाळी सीएसएमटीला उतरलीस की बॅग क्लोकरूममध्ये टाक. कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत, तेव्हा चेनला लहान कुलूप इथूनच लावून ने, तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेव. मग रस्ता ओलांडून महानगरपालिकेच्या बाजूला उभी राहा. स्टेशन आणि समोरची पालिकेची इमारत, दोन्ही एकाच फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या हातच्या. तिथून गेटवे अडीच किलोमीटरच्या आसपास, पायीच जाजो. वाटेत हुतात्मा चौक लागतो. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी ते लोक गेले त्यात आपला विदर्भही आला, तेव्हा दोन मिनिटं थांब.

गेटवेवर फोटोवाल्यांत अडकू नको. नवाच्या सुमारास घारापुरीच्या पहिल्या बोटी सुटतात, त्यातली गाठ. जायला तासभर लागतो. तिकीट जाण्या-येण्याचं एकच असतं, परतीपर्यंत जपायचं. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे मागतात. मळमळत असेल तर खाली, मधोमध बस आणि नजर लांब क्षितिजावर ठेव. मोबाइलमध्ये डोकं घातलं की हमखास उलटी. निघण्याआधी वडापाव नको, कोरडी बिस्किटं चालतील. लाइफ जॅकेट घालायला लाजू नको.

धक्क्यावरून लेण्यापर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी उतरताना कर. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढून नेतात, सगळं पाठीवरच्या बॅगेत घाल.

आत शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही, कारण बाहेरचं ऊन डोळ्यांत असतं. दोन मिनिटं खांबाशी उभी राहा. मग समोरच्या दक्षिण भिंतीवर, अंधारातून शिवाची ती तीन मुखं हळूहळू वर येतात. उंची वीस फुटांच्या घरात. मधलं मुख शांत, डोळे मिटलेले. तुझ्या डाव्या हाताचं उग्र, मिशा असलेलं, हातात नाग. उजवीकडचं कोवळं, बाईसारखं, हातात कमळ. लोक तिथे सेल्फी काढून वळतात. तू डावीकडचा अर्धनारीश्वर आणि उजवीकडचा गंगाधर पाहिल्याशिवाय हलू नको. पश्चिमेला चार दारांचं शिवलिंगाचं गर्भगृह आहे, प्रत्येक दारावर द्वारपाल. बऱ्याच मूर्तींचे पाय तुटलेत, तेही दिसेल. आणि खांबाला हात लावून पाहजो: आपल्याकडे विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो, तोच हा काळा पाषाण. मूळ लेण्यात एकही दगड बाहेरून आणून रचलेला नाही, खांबसुद्धा डोंगर कोरून उरवलेले आहेत.

दुपारी परतलीस की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेटवेपासून चालत पाच-सात मिनिटांवर. सहाला बंद होतं. सगळं पाहायला जाशील तर पाय दुखतील नि काही आठवणार नाही. तळमजल्यावरचं शिल्पदालन पुष्कळ झालं.

मग ओव्हल मैदान. मधोमध उभी राहा: एका अंगाला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, टोकदार कमानींचे, दुसऱ्या अंगाला १९३०-४० च्या काळातल्या गोल गॅलऱ्यांच्या इमारती. दोन जमाने, मध्ये क्रिकेट. तिथून समुद्र पाचेक मिनिटं. सूर्य आपल्याकडल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो, त्या हिशेबानं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बस. खालच्या चौपायी सिमेंटच्या दगडांवर मात्र उतरायचं नाही, शेवाळानं पाय सटकतो.

अंधार पडला तरी लगेच उठू नको. संध्याकाळी पाच ते आठ सगळं शहर उत्तरेला घरी निघतं. साडेआठला नरिमन पॉइंटहून ११५ नंबरच्या दुमजली बसनं सीएसएमटीला ये, बॅग घे आणि दादरला मावशीकडे जायला स्लो लोकल धर. कर्जत-कसारा फास्टमध्ये चढशील तर लांबच्या लोकांच्या भिंतीतून दादरला दारापर्यंत पोचणंच कठीण. लेडीज डब्यातच बस, आणि फर्स्ट क्लासचा डबा चुकवजो. दिसायला फारसा वेगळा नाही, दंड मात्र खरा असतो.

शुक्रवारी अकरानंतर निघ, तेव्हा गर्दी ओसरते. दादरहून मध्य रेल्वेची स्लो, भायखळ्याला उतर. राणीच्या बागेत सगळे पेंग्विनकडे धावतील. तू आधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणातला दगडी हत्ती शोध. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हाच. बेट आदल्या दिवशी पाहून झालं की हा पाहायला गंमत येते, म्हणून हा क्रम.

एक राहिलंच. तिथे ऑटोला रिक्षा म्हणतात आणि वांद्रे-सायनच्या दक्षिणेला ती चालतच नाही, काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं घे. पोहे मिळतील, तर्री मागू नको. ऊन आपल्यापेक्षा कमी पण घाम दुप्पट, सुती कपडे आणि एक जास्तीचा टॉवेल घे. परतीची गाडी दादरला थांबते, पण दोन-तीन मिनिटंच, म्हणून डबा कुठे येतो ते फलाटावरच्या पाटीवर आधी पाहून तिथे उभी राहा.

मावशीसाठी तुरीची डाळ दोन किलो बांधून ठेवली आहे, ती विसरजो नको.

तुझी,
आई