रासायनिक सांडलवंडीनंतरच्या सफाईसाठी साहित्याची मदत हवी आहे

सर्व नागरिक बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार.

आमचे स्वयंसेवी आपत्ती पथक रासायनिक अपघातानंतरच्या निर्विषीकरणासाठी साहित्याचा साठा उभा करत आहे. त्यासाठी आपल्या मदतीची गरज आहे.

टँकर उलटला, गोदामात कीटकनाशकाचे पिंप फुटले, की सगळ्यांचे लक्ष जखमींकडे जाते आणि ते योग्यच आहे. पण विष तेवढ्यावर थांबत नाही. ते स्ट्रेचरच्या दांडीवर, गाडीच्या दाराच्या मुठीवर, जिन्याच्या कठड्यावर, नळाच्या तोटीवर बसून राहते आणि तिथे हात लावणाऱ्या पुढच्या माणसाला गाठते. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे अतिविषारी रसायन सोडले गेले, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून उडणाऱ्या वाफेने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. मार्च 2018 मध्ये इंग्लंडमधील सॉल्झबरीत विषारी द्रव एका घराच्या दाराच्या मुठीला लावलेला होता. तेथील जागांची सफाई पूर्ण व्हायला जवळपास वर्ष लागले. आपल्यावर येणारे प्रसंग याहून साधे असतील, पण पृष्ठभागावरून विष पसरण्याची रीत हीच.

सर्वांत जास्त गरज आहे ती मुलतानी मातीची. कोरडी, बारीक चाळलेली, सुगंध किंवा रंग न मिसळलेली. सांडलेल्या तेलकट द्रवावर ती जाड थराने टाकली की द्रव मातीत शोषला जातो. मग प्लास्टिकच्या सुपडीने, धूळ न उडवता, ती हलकेच उचलायची. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते: माती विष शोषते, नष्ट करत नाही. वापरलेली माती हाच विषारी कचरा असतो, म्हणून मातीइतकीच झाकणबंद प्लास्टिकची पिंपे आणि जाड पिशव्याही हव्यात. लाकडाचा भुसा कृपया देऊ नका. नायट्रिक आम्लासारख्या रसायनावर तो पडला तर पेट घेऊ शकतो.

दुसरी गरज ब्लीचिंग पावडरची, आणि इथे आमचा आग्रह ताज्या, सीलबंद मालाचा आहे. नव्या पावडरीत सुमारे 30 ते 35 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि उघडे तोंड यांनी तो उडून जातो. घरात वर्षभर पडून असलेला अर्धा पुडा सद्भावनेने दिलात तरी ऐनवेळी तो पांढऱ्या भुकटीपलीकडे काही उरलेला नसतो. शिवाय ब्लीचिंग हा सगळ्यावरचा उतारा नाही. आम्लाशी गाठ पडली की त्यातून क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाशी पडली की क्लोरामाइन हा विषारी वायू. पॅराथिऑनसारख्या कीटकनाशकावर क्लोरीनची क्रिया झाली तर पॅराऑक्सॉन तयार होऊ शकते आणि ते मूळ रसायनाहून जास्त विषारी असते. म्हणून कीटकनाशक सांडल्यावर आम्ही आधी माती वापरतो, मग साबण आणि धुण्याच्या सोड्याचे भरपूर पाणी. ते पाणीही गटारात न सोडता गोळा करावे लागते.

त्यासाठी धुण्याचा सोडा आणि सौम्य द्रव साबण मोठ्या प्रमाणात लागेल. आम्लासाठी खाण्याचा सोडा हवा. तो कडेकडून आत असा टाकत यायचा आणि फेस येणे थांबेपर्यंत थांबायचे. पारा सांडल्यास गंधकाची भुकटी लागते. पारा झाडूने लोटला की त्याचे बारीक थेंब होऊन जास्तच पसरतात. आम्हाला साध्या झाडूंऐवजी लांब दांड्याचे नायलॉन ब्रश, पाठीवरचे फवारणी पंप (पूर्वी औषध फवारलेले नकोत, नवेच हवेत), जाड ताडपत्री आणि पाणी ओढणारे वायपर द्या.

साहित्य हाताळणारी माणसे सुरक्षित नसतील तर बाकीचे सगळे व्यर्थ. लांब बाह्यांचे नायट्राइल किंवा ब्यूटिल रबराचे हातमोजे, रबरी गमबूट, अंगभर झाकणारे रसायनरोधक पोशाख, बंद चष्मे आणि रासायनिक बाष्पासाठीचे फिल्टर असलेले मुखवटे आम्हाला हवे आहेत. धुळीसाठीचे कापडी मास्क इथे चालत नाहीत, पातळ लेटेक्स मोज्यांतून बरीच द्रावके आरपार जातात. पोशाख आणि मुखवट्यांसाठी वस्तूऐवजी निधी दिलात तर आम्हाला मापाप्रमाणे आणि मुदत पाहून खरेदी करता येईल.

वस्तूंबरोबर हातांचीही गरज आहे. ज्यांनी कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत रसायने हाताळली आहेत त्यांनी आमच्या सरावांना यावे, साठ्याची तपासणी करून द्यावी, चुकत असेल तिथे स्पष्ट सांगावे. ज्यांच्याकडे कोरडी, हवेशीर खोली रिकामी आहे त्यांनी ती साठवणीसाठी दिली तर फार मोठी सोय होईल. ब्लीचिंग पावडर आम्ले, इंधन आणि कापडाच्या चिंध्या यांपासून वेगळी ठेवावी लागते, त्यामुळे एकच खोली पुरत नाही.

प्रत्यक्ष घटनेच्या वेळी मात्र कृपया कोणीही स्वतःहून मदतीला धावून येऊ नका. घटनास्थळापासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला जा आणि अग्निशमन दलाला कळवा. अंगावर रसायन उडाले असेल तर कपडे लगेच उतरवून, ते न झटकता बाजूला ठेवून, भरपूर पाण्याने अंग धुवा.

साहित्य देताना मूळ वेष्टन आणि उत्पादनाची तारीख शाबूत असू द्या. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि साठ्यात काय आले, काय वापरले, काय मुदतबाह्य झाले याची नोंदवही पथकाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येईल.